विंडोजमध्ये लिनक्स: आठ जीबी रॅम आणि सारखी जाणारी लाईट

मालवणातला साधा लॅपटॉप: विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, इंटरनेट बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. त्यावर लिनक्स चालवायला डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय), तसंच व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारे प्रोग्राम) हे तिन्ही पावसाळाभर वापरल्यानंतरचा हा अनुभव. हायपर-व्ही मॅनेजर (मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा असाच प्रोग्राम) होम आवृत्तीत मिळत नाही, त्याला प्रो लागते. त्यामुळे तो यात नाही.

आधी ठरवा, काम टर्मिनलवरचं आहे की अख्खा डेस्कटॉप हवा. तिन्ही टाकून ‘बघू कुठलं जमतं’ म्हणाल तर फसाल. डब्ल्यूएसएल २ चालू केलं की खुद्द विंडोजच मायक्रोसॉफ्टच्या हायपरव्हायझरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या तळाच्या थरावर) चालतं. मग व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट मिळत नाही, मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतं आणि सगळं रखडत चालतं. त्यावर उपाय म्हणजे ‘विंडोज फीचर्स’मध्ये व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म या दोन्हींची टिक काढायची, विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी बंद करायची आणि रीस्टार्ट करायचं. पुष्कळ जण टिक काढतात पण मेमरी इंटिग्रिटी विसरतात, म्हणून कासव जात नाही. मात्र ती सुरक्षेची सोय आहे. बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर होत असतील तर ती चालूच ठेवा आणि डब्ल्यूएसएलवर भागवा. व्हीएमवेअर १५.५.५ पासून हायपर-व्हीसोबत चालतं, वेग थोडा पडतो इतकंच.

रॅमचं गणित नीट करा. डब्ल्यूएसएल २ मुळात निम्मी रॅम घेऊ शकतं, म्हणजे इथे ४ जीबी. ब्राउझर उघडा असेल तर विंडोज गुदमरतं. युजर फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल करून (नावाच्या सुरुवातीला टिंब हवं) मेमरी ३ जीबी, प्रोसेसर २, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) २ जीबी असं बांधून टाका. नोटपॅड नावामागे टीएक्सटी चिकटवतं आणि सेटिंग लागतच नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा, मग डब्ल्यूएसएल शटडाउन करून पुन्हा उघडा. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फाइलींवर लिनक्समधून काम केलं की गिटसारख्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) हजारो बारीक फाइली चाळणाऱ्या गोष्टी कमालीच्या हळू होतात.

आता लाईट. पावसात फांदी तारेवर पडली की गेलीच. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर प्रश्न नाही. डेस्कटॉप किंवा मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर तो बदलेपर्यंतच्या क्षणात मशीन रीस्टार्ट होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये डिस्क साटा कंट्रोलरवर लावा आणि ‘यूज होस्ट आय/ओ कॅश’ची टिक काढलेली आहे ना ते बघा. ती टिक असली तर लिनक्सला वाटतं डेटा लिहून झाला, प्रत्यक्षात तो विंडोजच्या रॅममध्येच असतो आणि लाईटबरोबर जातो. पुढच्या वेळी उबुंटू (लिनक्सची एक प्रचलित आवृत्ती) सुरू होताना ‘बिझीबॉक्स’ लिहिलेल्या काळ्या पडद्यावर अडकलं तर घाबरू नका. पडद्यावर ज्या पार्टिशनचं नाव आलंय त्यावर एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, प्रत्येक प्रश्नाला होकार द्या, रीबूट करा. बहुतेकदा उभं राहतं. आभाळ भरून आलं की व्हर्च्युअल मशीन सरळ ‘सेव्ह स्टेट’ करून, म्हणजे आहे त्या स्थितीत जपून बंद करून ठेवावं.

लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावर डब्ल्यूएसएलचं घड्याळ कधीकधी मागे राहतं आणि पॅकेज अपडेट करताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असा संदेश येतो. दोष नेटचा नसतो. हार्डवेअरच्या घड्याळावरून वेळ लावून घ्या, चालू होतं.

हॉटस्पॉटवर व्हर्च्युअल मशीनचं ब्रिज्ड नेटवर्क (ज्यात ते नेटवर्कवर वेगळा संगणक म्हणून दिसतं) बरेचदा चालतच नाही. नॅट (म्हणजे विंडोजचंच नेट वाटून घेणं) ठेवा आणि होस्टचं, म्हणजे विंडोजचं, पोर्ट २२२२ पाहुण्या (आत चालणाऱ्या) लिनक्सच्या २२ ला जोडा, एसएसएच म्हणजे दुरून टर्मिनल वापरायची सोय मिळते. डेस्कटॉप हवा असेल तर ८ जीबीत झुबुंटू किंवा लुबुंटू या उबुंटूच्या हलक्या आवृत्त्या, ३ जीबी रॅम, २ कोअर. चित्र आणि खिडक्या व्हीएमवेअरमध्ये जास्त सुरळीत चालतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते व्यावसायिक वापरालाही फुकट आहे. फक्त डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमचं खातं काढावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यूएसबी ३ साठी एक्स्टेंशन पॅक (वेगळा टाकायचा जोड-भाग) लागत नाही. तो पॅक फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरालाच फुकट आहे, तेव्हा ऑफिसच्या मशीनवर टाकूच नका.

जागेकडेही लक्ष ठेवा. डब्ल्यूएसएलची आभासी डिस्क फुगते, पण आतल्या फाइली काढल्या म्हणून आपोआप आकसत नाही. डब्ल्यूएसएल बंद करून डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं डिस्क सांभाळणारं साधन) त्या आभासी डिस्कची फाइल निवडायची आणि कॉम्पॅक्ट करायची. हे होम आवृत्तीतही चालतं. त्याआधी एक्स्पोर्ट करून बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढून ठेवा.