हंटर सिंड्रोम असलेल्या मुलाचे कान: पडद्यात नळी बसवायची की मशीन लावायचं?

"हाक मारली तर ओ देत नाही, लई हट्टी झालंय पोरगं," असं सासूबाई म्हणायच्या. पोरगं हट्टी नव्हतं. दोन्ही कानांच्या पडद्यामागं चिकट पाणी साचलं होतं. हंटर सिंड्रोम या दुर्मीळ जन्मजात आजाराचं निदान त्यानंतर कित्येक महिन्यांनी झालं. कानाच्या डॉक्टरांनी 'ग्रोमेट घालू या', म्हणजे पडद्यात नळी बसवू या, असं म्हटल्यावर लगेच मान डोलावण्याआधी कुणी हे वाचावं, म्हणून लिहितेय. आम्ही दोन्ही वाटांनी जाऊन आलोय.

हंटरमध्ये एक विकर (एन्झाइम) कमी पडतं, त्यामुळे शरीरातल्या साखरेच्या लांब साखळ्या मोडत नाहीत, जागोजागी साठत राहतात. अ‍ॅडेनॉइडमध्ये (नाकामागची गाठ), घशात, कानातल्या बारीक हाडांपाशी. म्हणून कानात पाणी होतं, आणि पुढे अनेकांची नसेकडूनही ऐकण्याची ताकद घटते. म्हणजे बिघाड दोन प्रकारचा, एकात एक मिसळलेला.

ग्रोमेट म्हणजे पडद्याला छेद देऊन बसवलेली मण्याहून लहान नळी. पाणी निघालं की फरक लगेच पडतो आणि तो खरा असतो. घरी येताना आमचं पोरगं रिक्षाच्या हॉर्नला दचकलं होतं. पण नळी साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते. इतर मुलांचं तेवढ्यात भागतं, वय वाढतं तसे कान सुधारतात. आपल्या मुलांत साठणं थांबत नाही, पाणी पुन्हा भरतं. आमची नळी आठव्या महिन्यात पडली. नसेच्या कमतरतेवर तर नळीचा काहीच उपयोग नाही.

मग पुन्हा नळी, पुन्हा भूल. खरा प्रश्न या भुलीचा आहे. या मुलांची जीभ मोठी, मान आखूड, जबडा पुरता उघडत नाही, श्वासाची वाट आतून जाड झालेली. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड, ती काढतानाही धोका, आणि वय वाढेल तसं हे आणखी अवघड होतं. दुसऱ्या वेळी भूलतज्ज्ञांनी आम्हाला समोर बसवून विचारलं, "कानाशिवाय आणखी कुठलं ऑपरेशन करायचं आहे का?" हर्निया किंवा अ‍ॅडेनॉइड काढायचंच असेल, तर त्याच भुलीत ग्रोमेट करून घ्यावं, मूल जागेपणी बसत नसेल तर बेरा तपासणीही, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी. नुसत्या कानासाठी भूल? माझं मत स्पष्ट आहे: नको. आणि ऑपरेशन ठरलंच, तर अवघड श्वासमार्ग हाताळलेले भूलतज्ज्ञ असतील तिथंच.

कानामागच्या मशीनला भूल लागत नाही, आणि कमतरता पाण्यामुळं असो वा नसेमुळं, आवाज वाढतोच. कष्ट मात्र रोजचे. पहिले पंधरा दिवस आमचं पोरगं मशीन उपटून फेकायचं. दहा-दहा मिनिटांपासून सुरुवात केली, तीही आवडत्या गोष्टीच्या वेळी. आमच्याकडं, कोल्हापुरात, ती गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाण्याची वेळ होती. एका संध्याकाळी म्हशीची धार चरवीत पडत होती आणि त्यानं माझ्या कडेवरून वाकून चरवीत पाहिलं. त्याआधी तो फक्त म्हशीकडं बघायचा. त्या दिवशी मशीन तासभर कानात राहिलं.

कान वाहत असेल तर मात्र मशीनच्या साच्यानं (कानात घट्ट बसणारा भाग) कान बंद करणं वाईट. तेव्हा हाडातून आवाज पोचवणारा, डोक्याला बांधायचा पट्टा बरा, तोही बिनभुलीचा. महाग आहे, आणि नसेची कमतरता जास्त असेल तर कमी पडतो. कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशननं आतल्या कानात बसवायचं यंत्र) विचार नसेकडून ऐकण्याची ताकद फारच घटल्यावर, आणि तिथं भूल आलीच.

हे सगळं हंटरपुरतं. चयापचयाचा प्रत्येक आजार कानाशी असाच वागत नाही. बायोटिनिडेज या दुसऱ्या विकराच्या कमतरतेत बायोटिन या जीवनसत्त्वाची साधी गोळी वेळेवर सुरू झाली तर कान वाचतात. ऐकू येणं एकदा गेलं की बहुधा परत येत नाही. म्हणून आधी आजाराचं नाव, मग कानाचा निर्णय. हंटरवर आठवड्याला सलाइनमधून मिळणारं विकर सुरू झालं म्हणून कानाची तपासणी सोडू नका. त्यानं कान पूर्ववत होत नाहीत.

पैशांचं थोडक्यात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आम्हाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, जावं लागतं. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून मशीन मिळू शकतं. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय हे ठरवून दिलेलं केंद्र आहे; मूळ आजाराची फाइल तिथं उघडा.

मशीन घेतलंत तर कानाचा साचा दर काही महिन्यांनी बदलावा लागेल, कान वाढतो, साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारू लागतं. पावसाळ्यात रात्री ते सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. आमच्या पोराचा आता चौथा साचा चालू आहे.