डोळ्यांखालच्या खळग्यांसाठी इम्प्लांट की स्वतःची चरबी? नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझे सांगलीत चष्म्यांचे दुकान आहे, त्यामुळे दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांकडे पाहत असतो आणि लोक माझ्याकडे. चाळिशी ओलांडल्यावर व्यायाम आणि पथ्य करून अकरा किलो वजन उतरवले. पोट गेले, पण त्याबरोबर डोळ्यांखालचे भरावही गेले आणि नाकाजवळच्या कोपऱ्यापासून गालापर्यंत एक तिरका खळगा उघडा पडला. हा खळगा वडिलांनाही होता, म्हणजे मुळात तो हाडाचा वारसा; वजन उतरल्याने तो ठळक झाला, इतकेच. ‘काय मालक, रात्री जागरण?’ हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा येऊ लागला, तेव्हा जाड काडीची काळी फ्रेम वापरून मी तो दोन वर्षे झाकला. गेल्या जूनमध्ये पुण्यात स्वतःच्या चरबीचे रोपण, म्हणजे फॅट ग्राफ्टिंग, करून घेतले. त्याआधी इम्प्लांटचा, म्हणजे हाडावर बसवायच्या कृत्रिम तुकड्याचा, पर्यायही गांभीर्याने तपासला होता. दोन्हींपैकी एक निवडताना जे कळले आणि नंतर जे भोगले, ते लिहून ठेवत आहे. मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावे.

पहिल्या सर्जननी इम्प्लांट सुचवले. डोळ्याच्या खोबणीची खालची कड ज्यांच्या चेहऱ्यात मागे असते, त्यांच्यासाठी ही कड पुढे आणणारा तुकडा हाडावर बसवतात. सिलिकॉनचा तुकडा गुळगुळीत असतो. त्याच्याभोवती शरीर आवरण तयार करते, त्यामुळे तो पुढे काढायचा झाल्यास तुलनेने सहज निघतो, पण हलण्याची शक्यताही राहते. सच्छिद्र पॉलिइथिलिनच्या तुकड्यात ऊती वाढत जातात, म्हणून तो घट्ट बसतो आणि त्याच कारणाने काढणे अवघड होते. नमुन्याचा तो पांढरा, खडबडीत तुकडा हातात घेतल्यावर बत्ताशाची आठवण झाली. तो खालच्या पापणीच्या आतून किंवा वरच्या हिरडीतून छेद घेऊन बसवतात, बहुधा टायटॅनियमच्या बारीक स्क्रूने पक्का करतात आणि माझ्या बाबतीत त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागणार होती. गालाला, वरच्या ओठाला आणि हिरडीला संवेदना देणारी नस या कडेच्या जरा खालूनच बाहेर पडते, त्यामुळे काही आठवडे, क्वचित कायमचीही, बधिरता येऊ शकते. जंतुसंसर्ग झाला तर तुकडा काढावा लागतो. पापणीतून छेद घेतल्यास पापणी खाली ओढली जाण्याचाही धोका असतो. पापणी नीट न मिटल्याने डोळे कोरडे पडलेले लोक माझ्या काउंटरवर येतात, म्हणून हा धोका मला इतर सर्वांपेक्षा जास्त खरा वाटला.

दुसऱ्या सर्जननी हातात आरसा दिला आणि दोन साध्या चाचण्या केल्या, ज्यांच्यामुळे माझे अर्धे गोंधळ मिटले. पहिल्या चाचणीत त्यांनी छोटी बॅटरी समोरून, चेहऱ्याच्या पातळीवर धरली. वरच्या दिव्यात जो काळसरपणा दिसतो त्यातला खळग्याच्या सावलीचा भाग समोरच्या उजेडात नाहीसा होतो आणि त्वचेच्या रंगाचा भाग तसाच राहतो. माझ्या बाबतीत सुमारे दोन तृतीयांश काळेपणा गेला, उरलेला तपकिरी पट्टा जागेवर राहिला. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत हा रंगाचा भाग फार वेळा असतो, आणि भराव कोणताही घातला तरी तो जात नाही. दुसऱ्या चाचणीत त्यांनी बाजूने फोटो काढून बुबुळाच्या पुढच्या टोकापासून एक उभी रेघ खाली सोडली. गालाचे हाड त्या रेघेच्या बरेच मागे असेल, तर हाडाची उणीव मोठी आहे असे मानतात. माझे हाड किंचितच मागे होते. घरी येऊन मी दुकानातल्या पट्टीने त्याच फोटोवर पुन्हा मोजले, कारण पट्टी हातात नसताना कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवायची आमच्या धंद्यात सवय नसते.

निर्णय इथेच झाला. माझी हाडाची उणीव जुनी आणि थोडी होती, तर चरबीची उणीव नवी आणि जास्त. जे गेले तेच परत घालावे, हा हिशेब पटला. ज्याचे हाड खरोखर मागे आहे, त्याने चरबीवर विसंबणे म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला गिलावा करत राहणे होय, असे माझे मत आहे. तशा चेहऱ्याला इम्प्लांटच शोभेल. इम्प्लांटचा खर्च मला दोन लाख साठ हजार सांगितला होता, तर चरबीच्या रोपणाची माझी पावती पंचाण्णव हजारांची झाली. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून विम्याने काहीच दिले नाही. पैशाने निर्णय फिरवला नाही, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल.

ही पद्धत वाटते तेवढी नवी नाही. जर्मन सर्जन गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरचे खोल व्रण भरले होते. आजची रीत, म्हणजे बारीक नळीने चरबी काढणे, ती शुद्ध करणे आणि थेंबाथेंबाने अनेक थरांत पेरणे, ही न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. पेरणे हाच शब्द योग्य आहे, कारण प्रत्येक थेंबाला आजूबाजूच्या ऊतींतून रक्तपुरवठा मिळाला तरच तो जगतो. एका जागी गोळा टाकला, तर आतला भाग मरतो आणि गाठ राहते.

सहीच्या कागदावरच्या एका ओळीने माझी झोप उडवली होती. भराव चुकून रक्तवाहिनीत गेला, तर तो उलट दिशेने सरकत डोळ्याच्या रोहिणीपर्यंत पोहोचू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. हे दुर्मीळ आहे, पण गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. शिवाय हायलुरॉनिक आम्लाचे फिलर, म्हणजे सुईने भरायचे जेल, विरघळवणारे विकर (एन्झाइम) उपलब्ध आहे, तसे चरबीवर काही चालत नाही. मी सर्जनना सरळ विचारले. ते धारदार सुईऐवजी बोथट टोकाची नळी वापरतात, नळी मागे घेतानाच चरबी सोडतात आणि दर वेळी अगदी थोडी, हलक्या दाबाने सोडतात, असे त्यांनी समजावले. जो सर्जन या प्रश्नावर हसून विषय बदलेल, तिथून उठून यावे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दोन तासांची, स्थानिक भूल आणि गुंगीच्या इंजेक्शनखाली झाली. चरबी मांडीच्या आतल्या बाजूची घेतली. डावीकडे १.८ आणि उजवीकडे १.५ मिलिलिटर भरली. इतक्याशा चरबीसाठी मांडी मात्र तीन आठवडे जांभळी-हिरवी राहिली आणि डोळ्यांपेक्षा तीच जास्त दुखली. तिसऱ्या दिवशी चेहरा असा सुजला की शेजारच्या काकूंना अपघात झाल्यासारखे वाटले. दहा दिवस दुकान पुतण्याने सांभाळले. तिसऱ्या आठवड्यात खळगे पुरते भरलेले दिसत होते आणि मी खुशीत होतो. पत्नी म्हणाली, ‘अहो, आता जरा जास्तच भरलंय, रडून उठल्यासारखं.’ दुसऱ्या महिन्यात सूज आणि न जगलेली चरबी दोन्ही उतरली आणि पैसे पाण्यात गेले असे वाटले. चौथ्या महिन्यात चित्र स्थिरावले. चौथ्या महिन्याआधी आरशासमोर कोणताही निवाडा करू नये, हे मला कुणीतरी अधिक ठासून सांगायला हवे होते.

माझ्या व्यवसायापुरती एक गोष्ट. फ्रेमची खालची कड भरलेल्या जागेवर टेकू नये म्हणून सहा आठवडे मी हलकी, नोजपॅड असलेली धातूची फ्रेम वापरली आणि पॅड थोडे आत वाकवून चष्मा दोन मिलिमीटर वर उचलला. चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाने ही तजवीज आधीच करून ठेवावी, कारण सुजलेल्या डोळ्यांनी दुकानात बसून पॅड वाकवणे मलाच जमले नाही, तिथे इतरांचे काय?

आजची स्थिती अशी. उजवी बाजू मनासारखी आहे. डाव्या बाजूला आतल्या कोपऱ्याजवळ ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आहे. बोटाला ती कायम लागते, डोळ्याला मात्र केवळ डोक्यावरच्या उजेडात दिसते. खालच्या पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचांपैकी आहे, त्यामुळे गालावर जी गाठ कुणाला कळलीही नसती ती इथे लपत नाही. स्टेरॉइडचे अगदी सौम्य इंजेक्शन देता येईल, पण त्याने आजूबाजूची त्वचा खचू शकते. पापणीच्या आतून छेद घेऊन गाठ काढताही येईल. सर्जननी वर्षभर थांबायला सांगितले आहे. तपकिरी पट्ट्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळीच नॅनोफॅट, म्हणजे २०१३ मध्ये बेल्जियमच्या सर्जनांनी मांडलेले चरबीचे अतिबारीक गाळलेले द्रावण, त्वचेत सोडले होते. त्वचेचा पोत थोडा सुधारला असावा. रंगात शपथेवर सांगण्याइतका फरक मला दिसत नाही, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले होते याचे मला अजून वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट सल्ल्याच्या वेळी ओझरती सांगितली गेली होती, ती दिवाळीनंतर अंगावर आली. फराळ आणि लग्नसराई यांत माझे चार किलो वजन वाढले, आणि डोळ्यांखालचा भागही किंचित फुगला. रोपलेल्या पेशी मांडीच्या. त्या मांडीसारख्याच वागणार. फेब्रुवारीत तीन किलो उतरवल्यावर फुगवटा कमी झाला. हाडावरचा तुकडा असा वजनाबरोबर फुगत नाही, हा इम्प्लांटचा गुण मी निवड करताना हिशेबात धरलाच नव्हता. ज्यांचे वजन दरवर्षी वर-खाली होते, त्यांनी तो धरावा.

जागरणाचा प्रश्न आता महिन्यातून एखाद्या वेळी येतो, तोही बहुधा सायंकाळी, काउंटरवरच्या ट्यूबलाइटखाली. गेल्या आठवड्यात मी ती ट्यूब काढून आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे लावून घेतले. गिऱ्हाइकांना फ्रेम नीट दिसाव्यात म्हणून, असे पुतण्याला सांगितले आहे.