जुने डाग म्हणजे दागिने दुरुस्त करायचे असतील तर परभणीच्या सराफ्यातले सोनारमामा

परभणीच्या सराफ्यात जुना डाग घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी एकच ऐकायला मिळतं, मोडा अन् नवीन घ्या. एका मोठ्या शोरूमवाल्यानं तर आमच्या आजीचा गळ्यातला सोन्याचा टाक हातात घेतला, वजन केलं आणि डायरेक्ट मोडीचा भाव सांगितला, माझ्या तर डोळ्यात पाणीच आलं. मग शेजारच्या काकूंनी ह्या मामांचं सांगितलं. दुकान अगदी आतल्या गल्लीत, बोर्ड पण नाही, जुन्या कामाचे मामा म्हणून विचारायचं.

माझं काम होतं सवतीच्या टाकाचं. आजी ही आजोबांची दुसरी बायको, पहिली बाळंतपणात गेलेली, आणि तिच्या नावानं सोन्याच्या पातळ पत्र्यावर बाईच्या तोंडाचा ठसा उठवून आजीच्या गळ्यात घातलेला. आजी नवीन लुगडं नेसायच्या आधी ते टाकाला टेकवायची, पहिला मान तिचा. जिला कधी पाहिलं नाही तिला आयुष्यभर गळ्यात सांभाळलं, मला तर ह्याहून मोठं काही वाटत नाही. तिकडं इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट १८६१ ला गेला तर तिनं त्याचे केस लॉकेटमधे घालून जपले, काळ्या जेटचे, म्हणजे दगडासारखं झालेल्या जुन्या लाकडाचे दागिने घातले आणि मग तिकडं तीच फॅशन झाली. गेलेलं माणूस अंगावर वागवायचं हे इकडं काय तिकडं काय सारखंच, फक्त आपल्याकडं ते सवतीनं केलं.

मामांनी भिंग लावून आधी नुसतं बघितलं. नथीच्या जागी एक टिंब, कपाळावर गोल कुंकू, डोक्यावरून पदर, आणि उजवा गाल झिजून पार गुळगुळीत, कारण आजी रोज तिथंच हळदकुंकू लावायची. मी म्हणलं मामा जरा उजळून द्या, तर म्हणाले, "नको ताई, उजळा दिला की राहिलेलं तोंडबी जाईल. कडीच बदलू." तुटलेल्या कडीच्या जागी नवीन कडी डाक लावून, म्हणजे झाळून बसवली, पाठीमागं काळी पडलेली हळद तशीच ठेवली, आणि पोत नवीन रेशमात गाठून आणून दिली. वजन आधी अन् नंतर माझ्यासमोर काट्यावर, कडीचं सोनं वेगळं लिहून दिलं. सोनं सोडून मजुरी ३०० रुपये फक्त.

बसल्या बसल्या पुतळ्यांच्या माळेचं पण सांगितलं, पुतळीवर बहुतेक लक्ष्मीचा ठसा असतो, जुन्या माळेत एखादी हरवली तर नवीन चकचकीत बसवू नका, दिसायला विचित्र दिसतं.

कमी एकच, वेळ. बुधवार सांगून पुढच्या सोमवारी दिलं, मामा एकटेच आहेत आणि लग्नसराईत तर अजून लांबतं. यूपीआय पण चालत नाही, कॅश न्या. पुढच्या महिन्यात आईच्या मासोळ्या, पायाच्या बोटातल्या माशाच्या आकाराच्या, घेऊन जाणार आहे, एकीचं शेपूट मोडलंय.