1958 ची ॲल्युमिनियमची बोट आणि साडेसहा हजार डॉलरचा रंग

मिनेसोटात आमच्या शेजारी एक वयस्कर जोडपं राहायचं. आजी गेल्या, आजोबांनी घर विकायला काढलं आणि गॅरेजमधली 14 फुटी अल्युमाक्राफ्ट मोटरबोट आम्हाला दिली. 1958 ची. पैसे घेतले नाहीत. "अंगणात ठेवू नका, पाण्यात ठेवा," एवढंच म्हणाले. ती आमच्याच शहरात, मिनिॲपोलिसमध्ये बनलेली. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट (दोन्ही टोकं चपटी करून बसवायच्या धातूच्या खिळ्या) मारून जोडायचं तंत्र इथे पक्कं झालं होतं, युद्ध संपल्यावर ते बोटींकडे वळलं. ग्रुमन या विमान कंपनीच्या कनू (वल्ह्याच्या अरुंद होड्या) 1945 च्या, अल्युमाक्राफ्ट 1946 पासूनची. आजोबांच्या बोटीचा पत्रा शाबूत होता. काही रिव्हेटांतून पाणी झिरपत होतं आणि मागच्या उभ्या पाटीतलं, म्हणजे ज्या ट्रान्समवर इंजिन लटकतं त्यातलं, लाकूड कुजलं होतं. जुन्या बोटींत ही दोन दुखणी असतातच.

जुन्या बोटी दुरुस्त करणारा एक माणूस कुणीतरी सुचवला. त्याचं शेड बघितलं, बोलणं आवडलं. ऑक्टोबरात बोट दिली, मेमध्ये मासेमारीचा हंगाम उघडण्याआधी परत मिळणार होती. एकूण 6,500 डॉलर ठरले, निम्मे आगाऊ. हिवाळाभर तो फोटो पाठवत राहिला: ट्रान्समचं लाकूड काढलं, नवं मरीन प्लाय (बोटींसाठीचं प्लायवूड) कापलं, त्याला इपॉक्सीचे, म्हणजे पाणी आत शिरू न देणाऱ्या लेपाचे, तीन हात दिले. फोटो सुंदर होते. आम्ही ते पुण्याला सासूबाईंनाही दाखवले.

ते फोटो आमच्या बोटीचे नव्हते. आमच्या बोटीचं पाणी सोडायचं बूच ट्रान्समच्या मधोमध आहे, फोटोत ते उजवीकडे होतं. हे माझ्या लक्षात दीड वर्षाने आलं. अमेरिकेत बोटींवर हल नंबर, म्हणजे बनवणाऱ्याने बोटीवरच उमटवलेला ओळख क्रमांक, सक्तीचा झाला तो नोव्हेंबर 1972 पासून. त्याआधीच्या बोटीवर तो नसतो, त्यामुळे फोटोतली बोट आपलीच आहे हे कळायला आपणच काहीतरी खूण करावी लागते. आता मी आतल्या बाजूला पंचने दोन ठिपके मारून ठेवले आहेत. कुणाकडे काम दिलंत तर प्रत्येक फोटोत आपला नोंदणी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बोटीवर चिकटवलेली दिसली पाहिजे, असं आधीच सांगा.

मेमध्ये बोट आली. लाल-पांढरा रंग, आरशासारखा. उरलेले पैसे त्याच दिवशी दिले. आजोबांना फोटो पाठवला, त्यांचा फोन आला, ते रडत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात इंजिनाच्या पट्टीखाली रंगाला फुगे आले. एक फुगा नखाने फोडला तर आतून पाणी आणि पांढरी भुकटी निघाली. विमानदुरुस्तीतून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ट्रान्सम उघडला. आत मरीन प्लाय नव्हतं. अंगणातल्या डेकला (लाकडी ओट्याला) वापरतात ते हिरवट, औषध मारलेलं प्लायवूड होतं. या लाकडाला कीड आणि बुरशी लागू नये म्हणून त्यात तांब्याचे क्षार मुरवलेले असतात. घराच्या कामासाठी आर्सेनिकचं औषध 2003 अखेर बंद झालं, त्यानंतरच्या औषधांत तर तांबं आणखी जास्त. ओल्या लाकडातलं तांबं ॲल्युमिनियमला लागलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. तांबं असलेला नेहमीचा शेवाळरोधक रंगही म्हणूनच या बोटींना चालत नाही. साठ वर्षं टिकलेल्या पत्र्याला दोन हंगामांत सुईच्या टोकाएवढी तीन भोकं पडली होती. हे त्या माणसाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याच्याच पाठवलेल्या फोटोंत योग्य लाकूड होतं.

मग तळाच्या फळ्या काढल्या. बिलात "92 रिव्हेट नव्याने ठोकले" असं लिहिलं होतं. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून हातोडा-बंदूक धरतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा टेकवतो. इथे आतल्या टोकांभोवती जुना चिखलही तसाच होता, वरून नुसतं सीलंट फासलेलं.

रंगाआधी मी एकदा जरी शेडवर गेले असते तर हे टळलं असतं. दोनशे मैलांचं अंतर आणि बर्फ, म्हणून गेले नाही. झिरपणं तपासायला काही लागत नाही. बोट ट्रेलरवर असताना तळाला नीट आधार द्यायचा, कारण पाणी फार जड असतं, आणि आत चार बोटं पाणी भरून बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करायचा. रंगाआधी हे आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. ट्रान्समचं लाकूड आत बसवण्याआधी हातात घेऊन बघा, प्लायच्या कडेवरचा शिक्का वाचा, खरेदीची पावती मागा. आणि निम्मे पैसे एकदम देऊ नका. लाकूड बघितल्यावर काही, पाण्याची चाचणी झाल्यावर काही, रंगाचे सगळ्यात शेवटी.

मी इथल्या कन्सिलिएशन कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा केला. वकील लागला नाही. बिलावर "मरीन ग्रेड" हे शब्द होते आणि काढलेलं लाकूड मी पिशवीत घालून नेलं होतं, म्हणून निकाल आमच्या बाजूने लागला. पण वसुली कोर्ट करून देत नाही, ती आपली आपण करायची. आजपर्यंत 400 डॉलर आले आहेत. काढलेलं लाकूड फेकून देऊ नका, तेच माझ्या कामी आलं.

बोट आता गॅरेजमध्ये उघडी पडली आहे. भोकांवर आतून ठिगळ बसवायचं आहे. आजोबांना अजून सांगितलेलं नाही. त्या माणसाचं शेड चालू आहे, मागच्या महिन्यात तिकडून गेले तेव्हा बाहेर तीन जुन्या बोटी उलट्या घालून ठेवलेल्या होत्या.