ग्रंथ तुमच्या दारी : पेटीतून भेटलेले अनोळखी लेखक

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना विनायक रानडे यांच्या पुढाकाराने 2009 साली सुरू झाली. तीस-पस्तीस वाचकांचा गट जमवायचा, त्यातील एकाने समन्वयकाची जबाबदारी घ्यायची आणि त्याच्याकडे 25 पुस्तकांची एक पेटी यायची, अशी तिची साधी रचना आहे. काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडे रवाना होते आणि तिच्या जागी वेगळ्या पुस्तकांची पेटी येते. वाचकाला वर्गणी द्यावी लागत नाही. खर्च देणग्यांतून भागतो आणि वाढदिवसाच्या निमित्ताने देणगी देणारेही पुष्कळ आहेत. नाशिकमधून निघालेल्या या पेट्या पुढे दुबई, नेदरलँड्स, टोकियो, अटलांटा अशा ठिकाणच्या मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. योजनेच्या या विस्ताराचे कौतुक बरेच झाले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिचा एक वेगळा गुण अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे पेटीतील पुस्तके आपण निवडलेली नसतात.

ग्रंथालयात कपाटासमोर उभे राहिल्यावर आपला हात सवयीने ओळखीच्या नावाकडे जातो. एकदा एखादा लेखक आवडला की त्याचे सर्व काही वाचून काढायचे आणि मग त्याच्याच पठडीतला दुसरा शोधायचा, हा बहुतेकांचा शिरस्ता असतो. ऑनलाइन खरेदीच्या संकेतस्थळांवरील शिफारशीही आपण पूर्वी काय घेतले यावरूनच बेतलेल्या असल्यामुळे त्या आपल्याला त्याच गल्लीत फिरवत ठेवतात. पेटीत हा मार्ग बंद होतो, कारण तिथे मुळात पुस्तकेच थोडी असतात आणि त्यातली नामवंत लेखकांची पुस्तके पहिल्या संध्याकाळीच उचलली जातात. उशिरा आलेल्याला उरलेल्यांतून घ्यावे लागते. माझ्या अनुभवाने सांगायचे तर समन्वयकाच्या घरी मुद्दाम उशिरा जावे.

अशाच एका फेरीत माझ्या वाट्याला श्री. दा. पानवलकरांच्या कथा आल्या. गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ हा 1983 सालचा चित्रपट पाहिलेला होता, त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची हेही ठाऊक होते. परंतु त्या चित्रपटाचे मूळ पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेत आहे, हे मात्र कधी ध्यानात राहिले नव्हते. कथा वाचायला घेतल्यावर चित्रपट बाजूला पडला. पानवलकर भावनेला शब्द देण्याच्या फंदात पडत नाहीत. माणूस काय करतो एवढे सांगतात आणि थांबतात. चारुता सागर यांच्या बाबतीतही जवळपास असेच घडले. ‘जोगवा’ हा चित्रपट राजन गवस यांच्या कादंबऱ्यांबरोबरच चारुता सागरांच्या ‘दर्शन’ या कथेवरही आधारलेला आहे, तरी या टोपणनावामागे दिनकर दत्तात्रय भोसले नावाचे सांगली जिल्ह्यातील लेखक होते, हे आमच्या गटात एकालाच माहीत होते. त्यांचा ‘नागीण’ हा कथासंग्रह हातोहात फिरला.

आमच्या समन्वयक काकूंनी पेटीसोबत एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ही योजनेची अट नाही, त्यांची स्वतःची कल्पना आहे. पुस्तक परत करताना त्यात चार ओळी लिहायच्या आणि कथेचा शेवट फोडायचा नाही, एवढाच नियम. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी ‘नागीण’पुढे केवळ ‘रात्री वाचू नये’ असे लिहिले, आणि त्यानंतर त्या पुस्तकासाठी नंबर लागले. याउलट एका प्राध्यापकांनी कमल देसाई यांच्या ‘काळा सूर्य’विषयी दोन पाने भरून विवेचन केले, तेव्हा बरेच दिवस त्या पुस्तकाला कोणी हात लावेना. विवेचन उत्तम होते, पण शिफारस म्हणून ते साफ निकामी ठरले. अखेर काकूंनी खाली पेन्सिलीने ‘अवघड आहे, पण लहान आहे, पहिली दहा पाने धीर धरा’ अशी पुस्ती जोडली आणि पुस्तक हलले. मीही त्या पुस्तीमुळेच ते घेतले. कमल देसाई सगळ्यांना आवडतील असे मी म्हणणार नाही. ज्यांना कथानकाचा सरळ धागा हवा असतो त्यांनी आधी पानवलकर घ्यावेत.

या सेवेच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. विशिष्ट पुस्तक हवे असेल, परीक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी संदर्भ हवे असतील, तर पेटीचा उपयोग नाही. त्यासाठी ग्रंथालयच गाठावे लागेल. जाडजूड कादंबरी एकाच घरी दीर्घकाळ अडकून राहते आणि बाकीचे ताटकळतात, म्हणून गटाने मुदत ठरवून घेतलेली बरी. शिवाय सगळे काही समन्वयकावर अवलंबून असते. पुस्तकांची नुसती नोंद ठेवणारा समन्वयक आणि ‘तुम्हाला हे आवडेल, घेऊन तर जा’ असे म्हणणारा समन्वयक यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचा माणूस मिळत नसेल, तर गट जमवण्याची घाई करू नये.

आवडलेल्या लेखकाचे दुसरे पुस्तक पुढच्या पेटीत असेल याची शाश्वती नसते, अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर होते. मला ती तक्रार वाटत नाही. चारुता सागरांचे आणखी काही वाचायचे म्हणून गटातले चौघेजण गावातल्या वाचनालयाचे नव्याने सभासद झाले, आणि तिथल्या ग्रंथपालांनी कपाटाच्या तळाच्या खणातली त्यांची पुस्तके पुसून वर आणून ठेवली.