सोनोमा काउंटी ग्रंथालय: विक्रीकराच्या आधारावर चालणारी उत्तम सेवा

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या सोनोमा काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाची पारख मी त्याच्या वेळापत्रकावरून करतो. मंदीत उत्पन्न घटल्यामुळे 2011 मध्ये येथील शाखा सोमवारी बंद राहू लागल्या आणि संध्याकाळच्या वेळाही कमी झाल्या; दिवसभर नोकरी करणाऱ्यांना आणि शाळा सुटल्यावर अभ्यासाला जागा शोधणाऱ्या मुलांना नेमकी तीच वेळ सोयीची असते. 2014 मध्ये ग्रंथालयासाठी जादा विक्रीकर लावण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. ठरावीक कामासाठी राखून ठेवलेल्या अशा कराला कॅलिफोर्नियात दोन तृतीयांश मतांची अट असल्यामुळे, निम्म्याहून बरीच अधिक मते मिळूनही तो नामंजूर झाला. अखेर नोव्हेंबर 2016 मध्ये ‘मेझर वाय’ नावाचा तसाच विक्रीकराचा प्रस्ताव मंजूर झाला आणि 2017 मध्ये शाखा पुन्हा सोमवारी उघडू लागल्या.

या कराचा दर डॉलरमागे सेंटचा आठवा भाग, म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट इतका आहे. किराणा मालातील बहुतेक खाद्यपदार्थांवर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर येथे विक्रीकर नाही; शिवाय द्राक्षमळे पाहायला येणारे पर्यटकही खरेदी करताना तो भरतात. तरीही विक्रीकराचा भार कमी मिळकतीच्या कुटुंबांवर तुलनेने जास्त पडतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो. त्यामुळे पुस्तक उशिरा परत करण्याचा दंड ग्रंथालयाने रद्द केला, हे मी फार मोलाचे मानतो, कारण त्या दंडाच्या धास्तीने ग्रंथालय सोडणारेही बहुधा याच कुटुंबांतले असतात.

मला न पटलेली गोष्ट एकच: ‘मेझर वाय’ने हा कर दहा वर्षांच्याच मुदतीसाठी लावला. ज्या पैशावर कर्मचाऱ्यांचे पगार आणि शाखांच्या वेळा अवलंबून आहेत, त्यासाठी पुन्हा दोन तृतीयांश मते मिळवावी लागणे ही मोठी जोखीम होती.

आपल्याकडे, महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात, ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठी राखून ठेवलेल्या जादा कराची, तरतूदच नाही. तमिळनाडू आणि कर्नाटकात ती आहे. आपल्याकडील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये शासकीय अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर चालतात. सोनोमात मात्र वर्गणी किंवा अनामत न भरता कॅलिफोर्नियातील कोणत्याही रहिवाशाला सभासद होता येते, आणि त्याच कार्डावर घरी वापरण्यासाठी इंटरनेटचे वायफाय उपकरणही मिळते. या भागात नव्याने राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे कार्ड अवश्य काढावे.