राजारामपुरीतलं पाटीचं हॉटेल: मिसळ चांगली, कॉफी नको, वाद एक नंबर

हॉटेलचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगतो. काउंटरवरच्या काकींची तशी तंबीच आहे. "टेबलं सात, त्यातली दोन डुगडुगती. आणि माणसं आली तर बसवू कुठं, माळ्यावर?" कोल्हापूरच्या राजारामपुरीत मेन रोड सोडून आतल्या गल्लीत शिरलं की खाली झेरॉक्सचं दुकान आणि बाजूला लोखंडी जिना लागतो. शुक्रवारी संध्याकाळी त्या जिन्यापुढं गाडी लावायला जागा मिळत नाही. शोधणारा शोधेल.

आणखी एक. खाली वांडाव्हिजन, एजंट्स ऑफ शील्ड, लोकी, सेव्हरन्स आणि डार्क या मालिकांमधली गुपितं उघडी केलीत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी थेट मिसळीवर यावं, ती शेवटाकडं आहे.

हॉटेलात मात्र असा इशारा कुणाला द्यावा लागत नाही. प्रत्येक टेबलावर शाळेची काळी पाटी उभी केलेली असते आणि तिच्यावर खडूनं लिहिलेलं असतं: 'सेव्हरन्स, सीझन २, एपिसोड ४ पर्यंत' किंवा 'लोकी, सगळं'. आपण जिथवर बघितलंय ती पाटी शोधायची आणि तिथं बसायचं. पाटीच्या पुढचा एक शब्द जरी तोंडातून निघाला, तरी त्या टेबलाचं सगळं बिल आपल्या अंगावर. ही कल्पना काकींच्या भाच्याची. तो पुण्यात आयटीत होता, आता इथं गल्ला आणि खडू दोन्ही सांभाळतो. दंड तो खरोखर वसूल करतो. औषध कंपनीचा एक एमआर हात धुवायला जाता जाता "अरे, ती हेली नाहीच की!" असं बोलून गेला आणि ज्यांना तो ओळखतही नव्हता अशा चौघांच्या मिसळीचे पैसे भरून बाहेर पडला. पुढच्या शुक्रवारी गडी परत हजर, हे विशेष.

मी शिरोलीला एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बघायची आणि नापास झालेल्यांवर फुली मारायची, हे काम. कास्टिंग बाहेरून गुळगुळीत असतं, मशीनवर पहिला कट घेतला की आतलं ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, उघडं पडतं. मालिकांमधले काही ट्विस्ट मला तसे वाटतात. पहिल्यांदा बघताना झकास, दुसऱ्यांदा बघायला घेतलं की आत पोकळ. हे मत घरी ऐकून घ्यायला कुणी नाही. इथं ते ऐकायला आणि खोडून काढायला माणसं मिळतात, म्हणून मी या जिन्याला लागलो.

एका शुक्रवारचा वाद जरा सविस्तर सांगतो, म्हणजे ही जागा काय चीज आहे ते कळेल. पाटी होती 'मार्व्हलच्या मालिका, सगळं'. समोर एक डेंटिस्ट मॅडम, शेजारी उद्यमनगरात लेथ चालवणारा, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर माणूस आणि कडेला शिवाजी विद्यापीठात फिजिक्स करणारी एक मुलगी. पेटलं ते राल्फ बोनरवरून. वांडाव्हिजन १५ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, दर शुक्रवारी एपिसोड. पाचव्याच्या शेवटी बेल वाजते आणि नायिका वांडाचा मेलेला भाऊ पिएत्रो दारात उभा! पण चेहरा ॲव्हेंजर्सच्या सिनेमातल्या पिएत्रोचा नाही. एक्स-मेनच्या सिनेमांत तेच पात्र करणाऱ्या इव्हान पीटर्सचा. दोन वेगवेगळी विश्वं आता एक होणार, अशी सगळ्यांची खात्रीच झाली. ५ मार्चला नववा, शेवटचा एपिसोड आला तेव्हा कळलं की हा त्याच गावात राहणारा राल्फ बोनर नावाचा साधा माणूस, अगाथा नावाच्या चेटकिणीनं जादूनं नाचवलेला.

लेथवाल्याचा राग अजून गेलेला नाही. "चार आठवडं झुलवलं आमाला, आन् हातात काय दिलं? बोनर!"

मॅडम शांतपणे चहा ढवळत म्हणाल्या, मालिका दुःखाची आहे हो. भाऊ परत यावा म्हणून आसुसलेल्या बाईपुढं कुणीही उभा केला तरी ती दार उघडणार. आणि तिचं सोडा, तुम्ही पण उघडलंतच की.

हे मात्र मला पटकन खोडता येईना. थोड्या वेळानं मी म्हणालो, मॅडम, वांडानं एक्स-मेनचे सिनेमे बघितलेत का? नाही ना? मग तो चेहरा तिला फसवायला नव्हता, आपल्याला फसवायला होता. पात्राला जे माहीतच नाही त्याच्यावर धक्का उभा केला, तर तो कथेतला धक्का कसा? मॅडमनी चमचा बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "बरं, मग चांगला कुठला ते सांगा."

मी ग्रँट वॉर्ड काढला. एजंट्स ऑफ शील्ड २०१३ च्या सप्टेंबरात आली तेव्हा अनेकांना ती मिळमिळीत वाटली होती, आणि त्यातला सगळ्यात मिळमिळीत हा वॉर्ड. देखणा, आज्ञाधारक, लाकडी ठोकळा. एप्रिल २०१४ मध्ये कॅप्टन अमेरिकाच्या दुसऱ्या सिनेमात शील्ड या गुप्तहेर संस्थेच्या आत हायड्रा ही शत्रूची संघटना मुरलेली निघाली, आणि त्याच महिन्यात टीव्हीवर सतराव्या एपिसोडच्या शेवटी वॉर्डनं विमानात शील्डचीच अधिकारी व्हिक्टोरिया हँड हिला गोळ्या घातल्या. आता मागं जाऊन बघा. तो ठोकळेपणा नटाचा नव्हता, वॉर्डचा होता. आधीचं सगळं पडद्यावर तसंच आहे, एक फ्रेम बदललेली नाही, तरी प्रत्येक सीनचा अर्थ फिरतो. मी पास करतो तो हाच माल.

"मग सहाव्या एपिसोडचं काय?" फिजिक्सवाली पहिल्यांदाच बोलली. "वॉर्डच्याच टीममधल्या सिमन्सला विषाणू लागतो, ती विमानातून खाली उडी टाकते, आणि तिच्या मागं पॅराशूट घेऊन हा उडी मारतो. कोण बघत होतं म्हणून नाटक केलं? हायड्राच्या माणसाला त्यात काय मिळणार होतं?"

इथं हॉटेलचा दुसरा नियम लागू होतो. नुसतं 'मला वाटतं' चालत नाही, सीन दाखवावा लागतो. तिनं मोबाईल काढला. पण वर पत्र्याचं छत, रेंजची बोंब. वॉर्ड विमानाच्या दारात उभा आणि त्याच्या तोंडावर गोल गोल चक्र फिरतंय. चहा संपेपर्यंत त्यानं उडी मारली नाही. तिचं म्हणणं मला अजून छळतंय. उडी खरी असेल तर वॉर्ड त्या माणसांत गुंतला होता, आणि मग पुढचा विश्वासघात आणखी वाईट ठरतो. उडी खोटी असेल तर लेखकांना तेव्हा पुढचं ठाऊक होतं का, असा प्रश्न येतो. मी गुंतला होता या बाजूचा. लेथवाला म्हणतो, हे सगळं सिनेमानं आयतं करून दिलं, मालिकावाल्यांचं त्यात काही नाही. त्याच्याशी मी वाद घालत नाही, त्याचा आवाज मोठा आहे.

पाटीच्या पद्धतीत एक भोक मात्र आहे आणि भाच्याला ते मी तोंडावर सांगितलंय. पाटी फक्त मालिकेचा हिशेब ठेवते, कॉमिक्सचा नाही. कॉमिक्स वाचलेला माणूस वांडाव्हिजनच्या पहिल्याच एपिसोडात शेजारीण ॲग्नेसकडं बघून गालात हसायला लागतो, कारण ही ॲग्नेस म्हणजेच अगाथा हार्कनेस, आणि ती १९७० पासून फँटॅस्टिक फोरच्या अंकांत वावरतेय. सातव्या एपिसोडात ती भूमिका करणारी कॅथरिन हान गाणं म्हणत उघडी पडते तेव्हा बाकीचे उडतात, हा आपला चहा पितोय. त्याचं ते हसूच स्पॉयलर की! पण याच मंडळींनी वांडाची जुळी मुलं कॉमिक्सात मेफिस्टो या सैतानाशी जोडलेली आहेत म्हणून मालिकेतही मेफिस्टो येणार, असं छातीठोक सांगितलं होतं. मेफिस्टो आलाच नाही. मॅडमच्या मते पुस्तकी पंडितांना हा दंड पुरेसा आहे. मला वाटतं वेगळं टेबल हवं. भाचा म्हणतो, आठवं टेबल ठेवायचं तर काउंटर काढावा लागेल.

काकी स्वतः यातलं काही बघत नाहीत. "मी काय ते बघत नाही बाबा, पण ऐकतो सगळं," असं त्या म्हणतात, आणि त्यांचं ऐकणं आमच्या बघण्यापेक्षा बरं असतं. लोकीवर एकदा जुंपली होती. मालिकेतला लोकी, म्हणजे थॉरचा कपटी भाऊ, हा २०१२ च्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतर टेसरॅक्ट हा शक्तीचा घन घेऊन सटकलेला. भावाशी समेट वगैरे त्याच्या आयुष्यात घडलेलंच नाही. पहिल्या एपिसोडात त्याला त्याचंच पुढचं आयुष्य फिल्मसारखं दाखवतात: आईचं मरण, बापाचं मरण, शेवटी थॅनोसच्या हातून स्वतःचं. ते बघून हा एकदम मवाळ. लेथवाल्याला हे मान्यच नाही. भज्यांची बशी ठेवता ठेवता काकी म्हणाल्या, "इथं पोरं खरंखुरं मरण बघून सुधरत न्हाईत, हा पडद्यावर बघून अर्ध्या तासात सुधरला व्हय?"

सगळं टेबल गार पडलं. फिजिक्सवाली तेवढी ठाम राहिली. ती म्हणाली, काकी, सुधारला नाही तो. काळावर पहारा ठेवणाऱ्या टीव्हीएच्या ऑफिसात त्याची जादू चालत नाही आणि त्याच्या थापा कुणाला लागू पडत नाहीत, कारण सगळ्यांनी त्याची फाईल वाचलीय. थापा मारायला गिऱ्हाईकच उरलं नाही, म्हणून खरं बोलायला लागला. सुधारणा पुढं, बारा एपिसोड संपता संपता, जेव्हा तो सगळ्या काळांच्या फांद्या हातात धरून एकटा त्या सिंहासनावर जाऊन बसतो तेव्हा. सिंहासन हवं होतं, मिळालं, पण बघायला कुणी नाही. काकींनी क्षणभर विचार केला आणि "हे जमतंय," म्हणून आत गेल्या. लेथवाल्याला त्यांनी विचारलंच नाही.

पाटीचा खरा कस लागला तो सेव्हरन्सच्या दुसऱ्या सीझनला. १७ जानेवारी ते २१ मार्च २०२५, आठवड्याला एक एपिसोड. या मालिकेत माणसांची ऑफिसातली आठवण बाहेरच्या आठवणीपासून तोडलेली असते, एका अंगात जणू दोन माणसं. पहिल्याच एपिसोडात हेली ऑफिसात परत येते आणि सांगते की बाहेर जागी झाले ते एका फ्लॅटमध्ये, रात्रपाळीचा एक माळी भेटला. आपण तर पहिल्या सीझनच्या शेवटी तिला भरल्या समारंभात स्टेजवर बघितलेलं! मग थाप का? ही हेली, की तिच्या अंगात बसलेली मालकाची पोरगी हेलेना? तीन आठवडे दोन टेबलांनी एकमेकांशी फक्त याच विषयावर भांडण केलं. चौथ्या एपिसोडात तिच्याच ऑफिसातल्या आयर्व्हिंगनं तिला बर्फात उघडं पाडलं तेव्हा थापेचं टेबल उभं राहून ओरडलं, खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला. पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता, तरी निम्मे लोक चुकले. यापेक्षा सरळ ट्विस्ट मी बघितलेला नाही. सगळा सीझन एका रात्री टाकला असता तर हे भांडण अर्ध्या तासात संपलं असतं.

डार्कचं टेबल खिडकीजवळ. काचेखाली विंडेन गावातल्या घराण्यांची वंशावळ पेन्सिलीनं काढलेला मोठा कागद आहे आणि त्यावर पुढारीचं पान झाकलेलं. सव्वीस एपिसोड पूर्ण केलेल्यांनीच पान उचलायचं. कालप्रवासामुळं शार्लट आणि एलिझाबेथ या दोघी एकमेकींच्या आई आणि मुलगी, तिथं बाण दोन्हीकडून काढून काढून कागद फाटलाय, वर चिकटपट्टी लावलीय. तिथं गर्दी नसते. जे बसतात ते फारसं बोलत नाहीत.

आता मिसळ. ८० रुपये, कट वेगळ्या वाटीत, मागाल तेवढा. मटकी शिजलेली पण अख्खी, फरसाण ताजं, तिखट पहिल्या घासाला कळत नाही, तिसऱ्याला कळतं. सोबत ब्रेड. पाव मागितला तर काकी 'कुठनं आलास?' विचारतात. कटवडा त्याहून चांगला, पण सातनंतर उरत नाही. चहा दुधाचा, दाट, बरा. कॉफी मागवू नका. साखरेच्या गरम पाण्याला वास आणलेला असतो, आणि त्याचे ३० रुपये घेतात.

तक्रारी आहेत. बाकडी अरुंद, पाठ टेकायला काही नाही. बेसिनवर साबण कधी असतो, कधी नसतो. पण मोठी तक्रार वेगळी: काही जुने गडी नव्या माणसाला, त्यातही मुलींना, बोलू देत नाहीत. फिजिक्सवालीचा उडीचा मुद्दा पुढच्या शुक्रवारी एकजण स्वतःचा म्हणून सांगत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि सिमन्सनं उडी का मारली ते विचारलं. त्याला सांगता येईना. भाच्यानं यासाठीही दंड ठेवावा.

सोमवारी बंद, बाकी दिवस संध्याकाळी पाच ते दहा. शुक्रवारी सहाच्या आत पोचा. मोसमात शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची मॅच असेल तर मार्व्हलचं टेबल हमखास रिकामं मिळतं आणि आवाजही कमी असतो. जिन्याची तिसरी पायरी हलते, हाताला धरायला गज आहे तो धरा.